पान नऊवरचा घणवाला

माझ्या तीन शब्दांनी एका बाईंची नोकरी गेली. मी शिवी दिली नाही, खोटी तक्रार केली नाही, कुणाचे कान भरले नाहीत. ते तीन शब्द कौतुकाचे होते. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात बरंच गमतीचं आहे, आणि ते वाचून कुणाला मी भला माणूस वाटण्याचा धोका आहे. लोकांना भला वाटण्याची मला वाईट खोड आहे, असं माझी बायको म्हणते. तिचं बरोबर आहे.

माझं काम असं होतं : कोल्हापुरात बसून अमेरिकेतल्या लोककथा मराठी बालवाडीतल्या मुलांना सांगायच्या. आयुष्यात मी बेळगावच्या पलीकडं गेलो नव्हतो. पाहुण्यांत कुणी विचारलं, "काय करता?" आणि मी हे सांगितलं, की ते विचारायचे, "आणि दिवसभर?"

आमचे मालक म्हणजे अण्णा, त्यांचा महाद्वार रोडमागच्या बोळात छापखाना होता. लग्नपत्रिका, कुस्तीची पोस्टरं, निवडणुकीची पत्रकं आणि उरलेल्या कागदावर मुलांची पुस्तकं. मी तिथं मुद्रितं तपासायचो. नव्वदीच्या सुरुवातीला एका सकाळी अण्णांनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं.

"रशिया मोडला."

"हो, वाचलं मी."

"वाचलंस, पण कळलं न्हाय. रशियाची ती गुळगुळीत पुस्तकं आता यायची बंद. पोरांनी वाचायचं काय? राहिली कोण? अमेरिका. तू बी.ए. इंग्रजी हायस. लाग कामाला."

महासत्तांमधला संघर्ष संपला त्याचा कोल्हापुरात झालेला परिणाम म्हणजे मी.

अण्णांनी रद्दीवाल्याकडून दोन जाड इंग्रजी पुस्तकं आणली. दोन्हींची पहिली पानं गेलेली, त्यामुळं त्या गोष्टी कुणी गोळा केल्या ते मला आजही माहीत नाही. आत लोककथा होत्या. कुणी सगळं जंगल एका दिवसात तोडतोय, कुणी डोक्यावर पातेलं घालून मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बिया पेरत चाललाय. त्या देशात मजूर आणि गुराखी दिवसभराच्या कामानंतर शेकोटीशी बसून थापा मारायचे. अट एकच, सांगताना हसायचं नाही. जो पहिला हसला तो हरला.

हा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो, म्हणून थोडं सांगतो. पुस्तक सोळा पानांचं, कारण एका कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात. सतरावं पान पाहिजे असेल तर दुसरा कागद, आणि दुसरा कागद म्हटलं की अण्णांना खोकला यायचा. एका पानावर एक चित्र आणि तीन ओळी. ओळीत सहा-सात शब्द. जोडाक्षरं जमेल तितकी टाळायची. म्हणजे नायक 'प्रचंड' असून चालत नाही, 'मोठा' असावा लागतो. शिवाय मूळ गोष्टीत जे कोल्हापुरात नाही त्याला काहीतरी शोधायचं. झाडाच्या रसाचा गोड पाक होता, त्याची मी काकवी केली. त्यांच्या जाड गोड पोळ्यांचे घावन केले. त्या लाकूडतोड्याचा तवा एवढा मोठा, की तो तेलकट करायला पोरं पायांना डुकराच्या चरबीचे तुकडे बांधून त्यावरून घसरायची. अण्णा म्हणाले, "डुकराची चरबी? शाळा पुस्तक हातात धरणार न्हाईत. लोणी कर." मी लोणी केलं.

चित्रं काढायला पेंटरमामा होते. त्यांची हयात कुस्तीच्या मैदानाचे बोर्ड रंगवण्यात गेली होती. त्यांनी लाकूडतोड्या काढला तो लंगोट लावलेला, अंगाला माती फासलेला, मिशा पिळलेला.

मी म्हणालो, "मामा, तिथं बर्फ पडतो."

"पडू दे की. पैलवानाला थंडी वाजत न्हाय."

त्या लाकूडतोड्याचा एक निळा बैल असतो. मामांनी तो खिलारी काढला. शिंगांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल, आणि टेम्पो रंगवून उरलेला निळा रंग.

पुस्तक बाजारात गेल्यावर पंधरा दिवसांनी पन्हाळ्याकडचे एक शेतकरी छापखान्यात आले. एसटी स्टँडवर नातवासाठी पुस्तक घेतलं होतं त्यांनी. बैलाचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"पावणं, ह्याला पान लागलंय."

"म्हणजे?"

"साप चावलाय ओ. बैल निळा पडलाय, त्याला डॉक्टर दावायचा सोडून तुम्ही पोरांस्नी हसाय लावताय?"

मी सांगितलं की ही अमेरिकेची गोष्ट आहे.

"का? अमेरिकेत साप न्हाईत?"

मी चहा मागवला. चहा पिता पिता ते म्हणाले, बैल बघायचा तर आमच्या चुलत्यांचा बघायचा होता. एवढा जोरात नांगर ओढायचा की मागं सरीतनं धूर निघायचा, आणि त्या धगीवर घरची माणसं भुईमुगाच्या शेंगा भाजून घ्यायची. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अमेरिकेतल्या त्या शेकोटीपाशी हे गृहस्थ सगळ्यांना घरी पाठवून शेवटी एकटेच बसून राहिले असते.

ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "लिहून घे ते शेंगांचं."

मी लिहून घेतलं. पुढच्या पुस्तकात छापलं. त्या शेतकऱ्याचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ऐकलेलं लिहून घ्यायची आणि आपलं म्हणायची सवय मला तिथं लागली.

छापण्याआधी गोष्ट मुलांसमोर वाचून बघावी ही अण्णांचीच कल्पना. त्यांच्या ओळखीतली एक बालवाडी एका वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये भरायची. तीस-बत्तीस मुलं आणि एकच बाई, सुमन कांबळे. वय तेव्हा तिशीच्या आत, बांधा किरकोळ, आवाज खणखणीत. मी लाकूडतोड्याचीच नवी गोष्ट घेऊन गेलो आणि खुर्चीवर बसून वाचायला लागलो.

"एका घनदाट अरण्यात एक महाकाय काष्ठतोड राहत असे."

जोडाक्षरं दोनच होती, म्हणून मी खुशीत होतो. चौथ्या ओळीला एक मुलगा झोपला. सहाव्या ओळीला दुसऱ्यानं तिसऱ्याला चावा घेतला. एक मुलगी उठून बाईंपाशी गेली आणि माझ्याकडं बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारती झाली, "बाई, हे कवा जाणार?"

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडं हात पुढं केला.

"सर, द्या जरा हिकडं." कागदावरून नजर फिरवली, कागद मला परत दिला आणि मुलांच्यात मांडी घालून बसल्या.

"एक हुता लाकूडतोड्या. केवढा हुता? ह्या हॉलाएवढा?"

मुलं म्हणाली, "व्हय!"

"न्हाय. बाहेर पाण्याची टाकी हाय का न्हाय, त्या टाकीएवढा?"

"व्हय!"

"न्हाय. टाकी म्हंजी त्याचा तांब्या."

हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला त्यानं झोपलेला मुलगा उठून बसला. मी वही काढली आणि मांडीवर ठेवून लिहायला लागलो. त्या दिवशी मी जे लिहून आणलं ते वाचून अण्णांनी मला पहिल्यांदा समोर बसवून मिसळ खायला घातली. "आता बसला तुझा हात," म्हणाले. हात माझा होता हे खरं. तोंड बाईंचं होतं.

मग हीच पद्धत पडली. मी रद्दीतल्या पुस्तकातून गोष्ट काढायची, बाईंना सांगायची, बाईंनी मुलांना सांगायची, मी उतरून घ्यायची. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'पुनर्कथन' असा शब्द आणि खाली माझं नाव. अशी चौदा पुस्तकं निघाली. प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत मी बाईंना नेऊन द्यायचो आणि ती देताना स्वतःला फार उदार वाटायचो.

पहिली प्रत चाळून त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, माझंच बोलणं हाय की ह्यात!" खूश झाल्या होत्या. मग जरा अडखळत म्हणाल्या, "मग सर, कुठंतरी बारीक अक्षरात माझं नाव...?"

"पुढच्या आवृत्तीत टाकू," मी म्हणालो.

प्रकाशनाच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा मी विसरलो. त्याच्या पुढची निघाली तेव्हा मला आठवत होतं.

सगळ्यात जास्त खपलं ते 'घणवाला'. रेल्वेचा बोगदा खणणारा एक काळा मजूर, गुलामीत जन्मलेला. त्याच्या कामावर वाफेचं यंत्र येतं. तो यंत्राशी पैज लावतो, घण चालवून यंत्राला हरवतो, आणि हातात घण असतानाच मरतो. अण्णांचं म्हणणं, पोरांच्या पुस्तकात मरण नको. मी शेवट बदलला : तो जिंकतो, घावन खातो आणि झोपतो. पेंटरमामांनी त्याला गोरापान काढला. "हिरो हाय," म्हणाले.

बाईंनी चित्र बघितलं. "उन्हातानात राबणारा माणूस गोरा कसा ओ, सर? हे तुमच्या पुस्तकातच असं हाय?"

"नाही. पुस्तकात काळा आहे."

"मग तुम्ही का त्याला साबण लावला?"

मामांनी मुकाट्यानं चित्र पुन्हा रंगवलं. आणि शेवट मी बाईंना खरा सांगितला. त्या म्हणाल्या, "मी सांगते."

त्यांचे वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत होते. ओतीव लोखंडाला जादा आलेले तुकडे घणानं तोडायचं काम. पहिला घाव घालायच्या आधी ते लोखंडाला म्हणायचे, "आलो रं, सांभाळ." न सांगता मारलं तर लोखंड डूख धरतं, असं त्यांचं मत. त्या दिवशी बाईंच्या गोष्टीतला अमेरिकेचा मजूरही प्रत्येक घावाआधी डोंगराला सांगत होता, "आलो रं, सांभाळ," आणि तीस मुलं त्याच्याबरोबर ओरडत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "तो मेला. पण घण काय हातातनं सुटला न्हाय." कुणी कुणाला चावलं नाही.

अण्णांशी भांडून मी तो शेवट ठेवला. माझ्या नोकरीतलं तेवढं एक धाडस. 'आलो रं, सांभाळ' पान नऊवर आलं, मोठ्या टायपात, माझ्या नावावर.

त्यानंतर दीडेक वर्षानं गावातल्या एका शिक्षणसंस्थेनं शिशुवर्ग काढला. बाईंना बालवाडीत तुटपुंजं मानधन होतं, तेही लहर लागेल तेव्हा मिळायचं. इथं कायम नोकरी होती. त्यांनी अर्ज केला. मुलाखतीच्या मंडळात बाहेरचा जाणकार हवा म्हणून संस्थेनं एका बालसाहित्यिकाला बोलावलं. तो मी. नवा शिवलेला शर्ट घालून गेलो आणि मंडळातल्या प्रत्येकाला माझ्या चौदा पुस्तकांचा संच भेट दिला. हे मुद्दाम सांगतो. पुस्तकं तिथं टेबलावर आली ती माझ्या हौसेनं आली.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येक उमेदवाराला त्यांची एकच सूचना : "स्वतःची म्हणून एक गोष्ट सांगा. पुस्तकातली नको." सकाळपासून पाच जणींनी ससा आणि कासव सांगितलं होतं. मग सुमनबाई आत आल्या. मला बघून त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी घणवाला निवडला. मला वाटतं, मला बरं वाटावं म्हणून.

त्या सांगायला लागल्या आणि शिपाईसुद्धा दारात उभा राहिला. अध्यक्ष मात्र समोरचं पुस्तक चाळत होते. हळूहळू त्यांचं बोट ओळींवरून चालायला लागलं. बाईंच्या तोंडून शब्द निघायचा आणि अध्यक्षांचं बोट त्याच शब्दावर असायचं. ते मी बघत होतो. पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायलो.

गोष्ट संपली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे शब्दन्‌शब्द पुस्तकातलं आहे. आम्ही स्वतःची म्हटलं होतं."

"साहेब, गोष्ट परदेशातली हाय, पण बोलणं माझं हाय. ते 'आलो रं, सांभाळ' तर माझे वडील म्हणायचे."

"तुमचे वडील?" अध्यक्षांनी पुस्तक त्यांच्याकडं वळवलं. "हे पान नऊ. हे लेखक तुमच्यासमोर बसलेत." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काय सर?"

बाईही माझ्याकडं बघत होत्या. त्या अजून निर्धास्त होत्या.

मी म्हणालो, "पाठांतर उत्तम आहे."

हेच ते तीन शब्द. का म्हणालो? टेबलावर चौदा पुस्तकांचे पाच संच होते आणि प्रत्येकावर माझं नाव होतं, म्हणून. बाईंनी माझ्याकडं एवढाच वेळ बघितलं, जेवढा वेळ चुकीच्या घराचं दार वाजवलं हे कळायला लागतो.

"व्हय," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "पुस्तकातलंच हाय." पिशवी उचलली आणि गेल्या. नोकरी ससा-कासवातल्या एकीला मिळाली.

मी पुन्हा त्या बालवाडीत गेलो नाही. पुढचं पुस्तक एकट्यानं लिहिलं, त्यात पुन्हा अरण्य आणि महाकाय आले. अण्णांनी वाचून विचारलं, "हात मोडला काय रे?" त्या पुस्तकाचे छापील कागद पुड्या बांधायला भडंगवाल्याला गेले. एकदा स्टँडवर भडंग घेतलं तर पुडीवर माझंच वाक्य निघालं. खाल्लं तसंच. पुढं घरोघरी टीव्हीवर दिवसभर कार्टून लागायला लागलं आणि अण्णांनी पुस्तकं बंद केली. मी पुन्हा लग्नपत्रिका तपासू लागलो. तिथं निदान नावं ज्याची त्याची छापावी लागतात.

बाई इचलकरंजीजवळ कबनूरला राहायला गेल्यात हे मला फार वर्षांनी कळलं. मी चार पानी पत्र लिहिलं, पोस्टात टाकायचा धीर झाला नाही, म्हणून ते खिशात घालून स्वतःच गेलो. बाईंनी यंत्रमागांच्या दोन शेडच्या मधल्या एका खोलीत स्वतःची बालवाडी काढली होती. केस पिकले होते. मुलं नुकतीच सुटली होती.

त्यांनी मला दारात बघितलं, ओळखलं, आणि म्हणाल्या, "या पावणं, बसा."

दहा वर्षं त्या मला 'सर' म्हणत होत्या. पाहुण्याच्या जागी बसलो आणि पत्र काढून वाचायला लागलो, "आपल्याप्रती माझ्याकडून जो अक्षम्य..."

"मोठ्यानं बोला, माग चालू हाईत!"

"अक्षम्य प्रमाद!"

"काय?"

"मी चोरी केली!" मी ओरडलो. "तुमची गोष्ट चोरली! मुलाखतीत खोटं बोललो!"

शेजारच्या शेडमधले दोन कामगार खिडकीत आले. एकानं विचारलं, "बाई, काय झालं? धरू काय ह्याला?"

"नको," बाई म्हणाल्या, "आपणहून आलाय." मग माझ्याकडं वळल्या. "हे मला कशाला सांगाय आलाय? मला म्हाईतच हाय की. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांगा."

"अध्यक्ष वारले, बाई."

"मग पुस्तकं घेतलेली माणसं मेली का सगळी? खोटं छापून सांगितलंसा, तर खरंबी छापून सांगा." आणि पुढं म्हणाल्या, "माझ्या वडलांचं नाव बरोबर लिहा. ते गेले तवा ते पुस्तक उशाला हुतं. म्हणायचे, ह्या सरांना माझं बोलणं कुठनं कळलं?"

या मासिकानं दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव मागितले, तेव्हा मी हे लिहिलं आणि आधी कबनूरला नेऊन दाखवलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं. शेवटी माफीचा एक लांब परिच्छेद होता. त्यातलं 'अपराधीपणाची सल' काढायला लावलं, 'नियतीचा खेळ' काढायला लावलं. "नियतीला मधी आणू नका, तिथं तुम्हीच बसला हुतासा," म्हणाल्या. एवढं उरलं :

'घणवाला' आणि त्याबरोबरची तेरा पुस्तकं ज्यांच्या घरी असतील त्यांनी आतल्या पानावरचं माझं नाव खोडावं आणि तिथं सुमन शंकर कांबळे असं लिहावं. पान नऊवरचं वाक्य त्यांचे वडील शंकर धोंडी कांबळे यांचं आहे. मुलाखतीत त्या खरं बोलल्या आणि मी खोटं बोललो. सुमनबाई, मी तुमची गोष्ट चोरली, तुमची नोकरी घालवली. मला माफ करा.